बदक, ससा आणि बस

मा. संपादक, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी निघालो होतो, जिंतूरच्या स्टँडवर समोर मोठ्ठं 'बसस्थानक' लिहिलेलं. पहिलीतल्या लेकीला म्हणलं, पहिली दोन अक्षरं वाच बरं. तिनं ब कडं बोट केलं, म्हणली "बदक". मग स कडं, "ससा". बदक ससा! शेजारची बाई हसली, मीबी हसले, पण गाडीत बसल्यावर हसू गेलं. लेकरू 'ज्ञ ज्ञानेश्वराचा' पर्यंत एका दमात म्हणतंय पण अक्षराला आवाज असतो हेच तिला कुणी सांगितलं नाही, मीसुद्धा नाही.

मग सगळे टाकायलेत म्हणून मीबी तिला फोनिक्सच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणाऱ्या क्लासला टाकलं. फी भरली, सर्टिफिकेट आलं, गाणी पाठ झाली आणि घरी बॅट वाचायली तर काय, "ब... ॲ... ट... बॲटा". चूक तिची नाही, आपल्या ब मध्ये अ आधीच बसलेला आहे, इंग्रजीचा आवाज शिकवताना ब् असा पाय मोडूनच म्हणावा लागतो, ओठ मिटून सोडला की झालं. तेवढंच शिकवणाऱ्या मॅडमला माहीत नव्हतं.

इंग्रजीत २६ अक्षरं आणि आवाज ४४ च्या आसपास, वरून अक्षराचं नाव सी पण कॅटमध्ये क आणि सिटीत स, म्हणून त्यांना फोनिक्सची एवढी गरज. इंग्लंडात २०१२ पासून सहा वर्षांच्या लेकरांकडून ४० शब्द वाचून घेतात, त्यातले २० खोटे म्हणजे अर्थ नसलेले, का तर पाठांतर चालू नये. हे मला लई आवडलं. आता मी लग्नपत्रिकांच्या मागं म, क, र, स, ब आणि काना असे तुकडे कापलेत, त्यातून मका, काका, सरबत (त एक उसना घेतला) आणि मधीच 'बसाम', 'रकास' असलं काहीबाही लावते. ती खिदळते पण वाचते, कारण बसामचं चित्र कुठल्याच पुस्तकात नाही.

आपल्याकडं क चं नाव आणि आवाज एकच, केवढी सोय आहे. पण अवघड जागा आहेतच की. 'दिवा' मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि कानाला द नंतर येते. 'सूर्य' मधला र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो त्याच्या डोक्यावर. चाकाचा च वेगळा, चित्राचा वेगळा. शाळेत बाराखडी धडाधड उरकतात, खरं तर इथंच थांबायला पाहिजे.

अजून एक. आमच्याकडं घरात सगळे 'पानी'च म्हणतात, सासूबाई म्हणतात, मी म्हणते. लेक शाळेत पानी वाचली तर सगळ्या वर्गासमोर बोलणी बसली, त्या दिवसापासून मोठ्यानं वाचायचं बंद. घरी आरशासमोर उभं केलं, न ला जीभ दाताच्या मागं, ण ला वर वळते, दोघी तोंड वेडंवाकडं करत बसलो, चार दिवसात जमलं. आमच्या बाजूच्या तांड्यावरची लेकरं तर घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतात, त्यांना शाळेतली मराठीच नवी, वरून आईबाप ऊसतोडीला गेले की निम्मं वर्ष कारखान्यावर. सरकारच्या निपुण भारत योजनेमध्ये २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक लेकराला वाचता आलं पाहिजे असं ठरलंय, चांगलंय, पण ह्या लेकरांना बोलणी खाऊन कसं वाचता येईल?

मुद्द्याचं म्हणजे तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं, लेक ते हौसेनं उघडते आणि पहिल्याच ओळीत 'उत्स्फूर्त' नाहीतर 'स्वातंत्र्यपूर्व' आलं की मिटून ठेवते. तिथं चार बोटं जागा द्या, टाइप मोठा, जोडाक्षर एकही नको, आठ-दहा शब्द पुरे. गावांची नावं दिली तरी चालतील, बीड आणि सेलू तिनं परवा एसटीच्या पाट्यांवर स्वतः वाचले, परभणीला भ वर अडली. मी कात्री घेऊन बसलेलीच आहे.

– एक आई, ता. जिंतूर, जि. परभणी