मावशी, बाटलीचं झाकण आणि एक जोडाक्षर

प्रिय मावशी,

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे असं, सगळ्यांच्या देखत. नाव घालू नकोस म्हणालात, तेवढं ऐकलंय. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय, त्यामुळे चुका राहिल्या तर सांभाळून घ्या.

चौदा वर्षं मी चर्चच्या मंडळीत संदेश, म्हणजे प्रवचनं, देत होतो. बरा बोलायचो, लोक ऐकायचे. उपासनेनंतर कुणी ‘छान बोललात’ म्हटलं की मी बोट वर करून ‘सगळं त्याचं’ म्हणायचो, आणि घरी जाताना तेच ‘छान बोललात’ वाटभर मनात घोळवायचो. रक्तदाबाची गोळी मात्र बिनदिक्कत चुकवायचो. त्याला विश्वास म्हणायचो. खरं सांगायचं तर रोज गोळी घेणारा माणूस म्हणून मला स्वतःकडे बघायचं नव्हतं. मग एका पहाटे उजवा हात उचलेना. बायकोला हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसताच आवाज आला, नाव आलं नाही.

भेटायला पुष्कळ जण आले. ‘प्रभू लवकर उभं करील’ म्हणून गेले, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. अशक्तपणावर मी निदान दहा संदेश दिले असतील. तो माझ्याच घरी मुक्कामाला आला तेव्हा मला त्याची ओळख पटली नाही. लाळ पुसायला बायको रुमाल घेऊन आली की मी मान फिरवायचो.

अशात एका गुरुवारी तुम्ही आलात. धीर दिला नाहीत, प्रार्थनाही केली नाहीत. पिशवीतून औषधाची बाटली काढलीत आणि म्हणालात, “उघडून दे रे. कंपवाताचीच गोळी आहे, आणि कंपामुळेच झाकण निघत नाही.” मी उजव्या हाताकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, “तो नाही चालत ना? मग डावा दे.” बाटली तुम्ही दोन्ही हातांनी गुडघ्यांत घट्ट धरलीत. मी डाव्या हाताने झाकण फिरवत होतो, बाटली थरथरत होती, झाकण सटकत होतं. पाच मिनिटं तरी गेली असतील. निघालं तेव्हा गोळ्या जमिनीवर सांडल्या आणि तुम्ही खो खो हसलात. आजार आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही बायबल उघडलंत: प्रेषित पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, बारावा अध्याय. “चष्मा विसरले, तू वाच.” (चष्मा पिशवीत होता. मला दिसला होता.) दहा वचनांना अर्धा तास लागला. नवव्या वचनात, ‘अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते’ या ओळीत, गाडी जी अडकली ती अडकलीच. ‘अशक्तपणा’ म्हणता येईना, ‘शक्ती’ही म्हणता येईना. दोन्हींत तेच जोडाक्षर. जीभ ‘क’वर थांबायची आणि ‘त’पर्यंत पोचायचीच नाही. मी चिडून पुस्तक मिटलं. तुम्ही ते परत उघडलंत आणि माझ्या मांडीवर ठेवलंत.

त्या वचनाचं माझ्याकडे ज्ञान पुष्कळ होतं, मावशी. पौलाने हे पत्र इ.स. 55-56च्या सुमारास लिहिलं, हे मला माहीत. आपल्या एका त्रासाला तो त्याच अध्यायात ‘शरीरातला काटा’ म्हणतो; त्यासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘स्कोलॉप्स’. त्याचा अर्थ काटा होतो तसा टोकदार खुंटही होतो. तो काटा म्हणजे डोळ्यांचा विकार, ताप की विरोधक, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि मी त्यावर एक अख्खा संदेश दिला होता. ख्रिस्ताचं सामर्थ्य आपल्यावर राहावं, असं पौल म्हणतो. तिथल्या क्रियापदाच्या मुळाशी तंबू आहे, वर तंबू ठोकून मुक्काम करणं. हे मी तुम्हाला अडखळत अडखळत, पण ऐटीत सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “तंबू ठोकायला मोकळी जागा लागते. तुझ्यात कुठे होती?”

राग आला होता. आज लिहितो, तेव्हा बोलता येत नव्हतं म्हणून वाचलात.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. माझ्यासारखा नालायक माणूस देवाच्या काय कामाचा, असं रोज म्हणू लागलो. मला वाटलं हीच नम्रता. तुम्ही एकदाच बोललात: “आधी मोठं असण्याचा अहंकार होता, आता नालायक असण्याचा. बोलणं अजून तुझ्याबद्दलच चाललंय.” त्या रात्री मला बायबलमधला इस्राएलचा सेनानी गिदोन आठवला. 32,000 लोक जमले, भ्यालेले 22,000 परत गेले, उरलेल्या 10,000 मधून देवाने फक्त 300 ठेवले. नाहीतर इस्राएल म्हणालं असतं की आम्ही आमच्याच हाताने सुटलो. ही गोष्ट सांगताना मी स्वतःला नेहमी त्या तीनशेंत धरायचो. घरी पाठवलेल्या 31,700 लोकांत आपण असू शकतो, हे मनाला शिवलंही नव्हतं.

पण तुमचे सगळ्यात मोठे उपकार मोशेच्या गोष्टीचे. अमालेक्यांशी लढाई चालू होती; टेकडीवर मोशेचे हात वर असले की इस्राएलची सरशी व्हायची, आणि ते हात जड झाले. मी नेहमी अहरोन आणि हूर यांच्याबद्दल बोलायचो, त्यांनी दोन्ही बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत हात धरून ठेवले त्याबद्दल. तुम्ही म्हणालात, “आणि दगड? त्यांनी दगड आणून ठेवला आणि मोशे त्यावर बसला. देवाचा एवढा मोठा माणूस, उभं राहायचा हट्ट केला नाही त्याने.” एवढं बोलून तुम्ही निघून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने शर्टाची बटणं लावायला हात पुढे केला, तेव्हा मी मान फिरवली नाही. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच दिसलं नसतं. ती मात्र तिसऱ्या बटणाशी थांबली आणि रडली.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहून ठेवतो. दुखणं म्हणजे देवाची देणगी, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. काटा काढून टाक म्हणून पौलाने तीनदा विनवलं, तसं तूही विनव, म्हणालात. मी अजून विनवतो. गोळी घेतो, व्यायाम करतो, स्पीच थेरपिस्टने दिलेले शब्द आरशासमोर घोकतो. हात अर्धाच परत आलाय. संदेश देणं जमत नाही, आणि ते पुन्हा जमेल का, ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात पाळकांनी शास्त्रपाठ वाचायला सांगितलं. मी नाही म्हणणार होतो, पण तुम्ही मागच्या बाकावरून बघत होतात. फक्त पाच वचनं. मातीच्या भांड्यांतली संपत्ती, ‘सामर्थ्याची पराकोटी देवाची आहे’, तेवढाच भाग. ‘सामर्थ्य’पाशी मी थांबलो, आणि मंडळी थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. दुसऱ्यांदा आला शब्द, थोडा वाकडा. उपासनेनंतर एकानेही ‘छान वाचलंत’ म्हटलं नाही. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, माझा उजवा हात, तो न चालणारा, दोन्ही हातांत धरून उभे राहिले आणि काही न बोलता गेले.

हल्ली तुमचा कंप वाढलाय, जिना उतरवत नाही, हे कळलं. येत्या गुरुवारी मी येतो. जिना चढायला मला वेळ लागेल, दार उघडायला घाई करू नका. आणि नवी बाटली आणली असेल तर उघडायला शेजाऱ्यांना देऊ नका. ठेवा तशीच.

तुमचाच,
गुरुवारचा वाचक