घोडकाठची माणसं

चि. तन्वीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नोट्सचं पान वाचलं. अश्मयुगात शिकार, मग शेती, मग खेडी, मग शहरं, आणि प्रत्येक टप्प्यापुढे वर जाणारा बाण. परीक्षेला एवढं पुरत असेल, पण ते बाण काही मला पटले नाहीत. आपल्याच शिरूर तालुक्यात, आपल्याच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, आणि तिथली माती वेगळं सांगते. म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या-माझ्यासारखा माणूस आफ्रिकेत घडला, त्याला सुमारे ३ लाख वर्षं झाली. शेती मात्र उणीपुरी १०-१२ हजार वर्षांची. म्हणजे माणसाने आपलं बहुतेक सगळं आयुष्य नांगराशिवाय काढलंय. त्या काळाला नोट्समध्ये दोन ओळी देऊन पुढे जाऊ नकोस. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची नक्षी कोरली आहे. आज खायला मिळेल की नाही याची खात्री नसलेला माणूससुद्धा नक्षी काढत बसायचा!

आता इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून पुढे १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातल्या पुरातत्त्वज्ञांची मोठी नावं. इ. स. पू. १६०० च्या आसपास लोक तिथे येऊन राहिले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव उठलं. नऊशे वर्षं नांदलेलं गाव. आपल्या भागातल्या किती गावांना एवढा इतिहास ठाऊक आहे?

भरभराटीच्या काळात तिथली घरं चौकोनी आणि ऐसपैस होती, कुडाच्या भिंतींची, वर गवताचं छप्पर. आत चूल, अंगणात धान्य साठवायची सोय. मुख्य पीक जव. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. बोरं, जांभळं, आवळे रानातून यायचे. भांडी चाकावर घडवलेली, लालसर, त्यांवर काळी नक्षी. तोटीचा तांब्या तर इतका देखणा की आजही बाजारात खपेल. या भांड्यांना संगमनेरजवळच्या जोर्वे गावाचं नाव आहे, कारण ती तिथे आधी ओळखली गेली.

मला सगळ्यात भावला तो त्यांचा पाट. नदीच्या पुराचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी जवळपास २०० मीटर लांबीचा चर खणला आणि त्याला दगड-मातीचा बांध घातला. बांध घालणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. ते एका घराचं काम नव्हे. कोणीतरी माणसं गोळा करायची, कोणी किती खणायचं ते ठरवायचं, नंतर पाण्याची पाळी लावायची आणि पाळीवरून होणारी भांडणं मिटवायची. राज्य, कायदा, कर या गोष्टींचं मूळ मला तरी अशा चरातच दिसतं. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं घर होतं आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक माणूस पुरलेला मिळाला. बाकीच्या मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेला करून पुरत आणि घोट्यापासून पावलं तोडून टाकत. याची पावलं मात्र शाबूत होती. धान्य ज्याच्या हाती, त्याला मरणातही वेगळी वागणूक.

पावलं का तोडत? मेलेल्याने गाव सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन हिंडू नये, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला पहिलाच खरा वाटतो, कारण ते आपली माणसं राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांसाठी दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, आणि मूल त्यांच्या आत. नेवाशाला अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांमधला दोरासुद्धा टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या मेलेल्या लेकराच्या गळ्यात ती माळ तशीच राहू दिली. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आणि आता तुझ्या बाणांकडे येतो. इ. स. पू. १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला. शेती आक्रसली. चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांडी साधी झाली. गुराढोरांपेक्षा शेळ्या-मेंढ्या आणि हरणांची शिकार यांवर भर वाढला. तुझ्या नोट्सच्या हिशेबाने हे लोक खाली घसरले. पण तन्वी, या लोकांनी त्याच जागी आणखी सुमारे तीनशे वर्षं काढली. पाणी नसताना हट्टाने गव्हाच्या मागे न लागता मेंढरं पाळणं, घर लहान करणं, उन्हाळ्यात चाऱ्यामागे फिरणं, यात मला शहाणपण दिसतं. ७२ चा दुष्काळ तुझ्या आजोबांच्या तोंडून तू ऐकला आहेस. तेव्हा जनावरं विकून खडी फोडायला गेलेल्या माणसांना कोणी मागासलेलं म्हणेल का? हडप्पाची शहरं ओस पडली तेव्हाही लोक संपले नाहीत. ते लहान गावांत पांगले. त्यांची कला आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादपर्यंत पोचल्याच्या खुणा आहेत.

येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे. अभ्यासिकेतून एक दुपार काढ, आधी फोन करून वेळ विचार आणि जोर्वेची भांडी बघून ये. सोबत मैत्रिणीलाही ने. इकडे ज्वारीची पेरणी झाली, विहिरीला पाणी बरं आहे. आई डब्यात शेंगदाण्याची चटणी पाठवतेय, एसटीच्या पार्सलमध्ये बघ.

तुझे,
अण्णा