क्ष-किरण दुर्बिणींचं विज्ञान आमच्या मुलांना मराठीतूनही मिळू द्या

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सादर नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. 1 जानेवारी 2024 रोजी क्ष-किरणांचा अभ्यास करणारा भारताचा उपग्रह ‘एक्सपोसॅट’ श्रीहरिकोट्याहून उडाला, तेव्हा नववीची मुलं माझ्या मोबाईलभोवती गोळा झाली होती. एका मुलीनं विचारलं, “सर, कृष्णविवरातून उजेडच बाहेर येत नाही, मग हा उपग्रह बघणार काय?”

त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि हंस तारकासमूहातल्या ‘सिग्नस एक्स-1’ या कृष्णविवराची गोष्ट सांगितली. क्ष-किरण हवेतच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. म्हणून 1964 साली रॉकेटमधून उपकरण वर नेलं, तेव्हा हा स्रोत सापडला. पुढे तिथेच एक निळा तारा दिसला. तो न दिसणाऱ्या कुणाभोवती तरी 5.6 दिवसांत एक फेरी मारतो. ताऱ्याचा वेग आणि फेरीचा काळ यांवरून त्या अदृश्य जोडीदाराचं वजन काढता येतं. ते भरतं सुमारे 21 सूर्यांएवढं.

उजेड येतो तो विवराबाहेरून. ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही, विवराभोवती चकतीसारखा फिरत राहतो. मळणीत मेढीजवळचा बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला पळावं लागतं. चकतीत नेमकं उलटं, आतला वायू जास्त वेगानं फिरतो. शेजारची कडी एकमेकांवर घासतात, वायू लाखो अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो. ही चमक सेकंदाच्या हजाराव्या भागातही बदलते. तेवढ्या वेळात प्रकाश 300 किलोमीटर जातो, सरळ रेषेत साधारण बेळगाव ते पुणे. प्रकाशाला एखादी जागा ओलांडायला जेवढा वेळ लागतो, त्याहून लवकर त्या सगळ्या जागेची चमक बदलू शकत नाही. म्हणजे एवढा लखलखाट येतो ती जागा फार मोठी असूच शकत नाही. इथे वर्ग अगदी शांत झाला. शिक्षकाला असे क्षण फार थोडे मिळतात, साहेब.

हे सगळं परदेशातलं नाही. 2015 साली भारतानं सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरचं एक उपकरण क्ष-किरणांची वेळ सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत नोंदतं. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलं. ‘एक्सपोसॅट’वरची दोन्ही उपकरणं तर आपल्या बेंगळुरूची: ‘पोलिक्स’ रमण संशोधन संस्थेचं आणि ‘एक्सस्पेक्ट’ यू. आर. राव उपग्रह केंद्राचं. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ची निरीक्षणं बेंगळुरूजवळच्या ब्यालाळूच्या केंद्रात साठवली जातात आणि ती अभ्यासासाठी खुली आहेत. मात्र आमच्या मुलांच्या हातात त्यांच्या भाषेत समजावणारं एक पानही नाही.

मागे एका प्रशिक्षणाला गेलो होतो. सगळं साहित्य कन्नड आणि इंग्रजीत होतं. मला कन्नड येतं, माझं निभावलं. कन्नड असावंच, ती राज्याची भाषा आहे. पण घरी मराठी बोलणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘एक्सपोसॅट’ मोजतो ते ध्रुवीकरण, म्हणजे किरणांच्या लहरींचं ठरावीक दिशेत कंप पावणं, ही कल्पना परक्या भाषेत प्रथमच भेटली, तर त्याचा अर्धा जीव शब्दांशीच झगडण्यात जातो. प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून मागणी एवढीच. या दोन उपग्रहांवर कन्नडबरोबर मराठीतही छोटी पुस्तिका काढावी आणि ती बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सगळ्या मराठी शाळांना द्यावी. बेंगळुरूच्या संशोधकांनी वर्षातून दोन दिवस इथे येऊन शिक्षकांना खऱ्या नोंदींवरून चमकेचा आलेख काढायला शिकवावं. आलेख एकदा आम्हाला जमला, की मुलांना शिकवण्याची जबाबदारी आमची.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्णसौधात येताच. त्या दिवसांत अंधार पडताना हंस पश्चिमेला असतो. खानापूर तिथून फार लांब नाही. एक संध्याकाळ आमच्या शाळेच्या मैदानावर या. तो निळा तारा लहान दुर्बिणीतूनही दिसतो, मुलंच तुम्हाला दाखवतील.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक विज्ञान शिक्षक