रोपवाले काका, तुमचा दुपट्टा अजून आमच्याकडेच आहे

काका, त्या दिवशी तुमचं नाव, नंबर काहीच घेतलं नाही मी, म्हणून इथेच लिहितेय. नागपूरच्या मनीषनगरात ठेल्यावर रोपं विकणाऱ्या काकांना कोणी ओळखत असाल तर त्यांना हे वाचून दाखवा प्लीज.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते तापते नऊ दिवस, सुरू होता, पारा 45 वर, आणि आमच्या बाबांची गॅलरीतली रोपं पार माना टाकून बसली होती. बाबांनी जन्मभर काटोलकडे शेती केली, बायपासनंतर माझ्याकडे फ्लॅटवर आले, तेव्हापासून या सहा टांगत्या कुंड्या म्हणजेच त्यांचं वावर. चेरी टमाटर, पुदिना, थोडा सांबार म्हणजे कोथिंबीर, तो तर केव्हाच जळाला होता. रोज दोनदा पाणी घालायचे तरी रोपं वाळतच चालली होती.

ज्या नर्सरीतून हे सगळं घेतलं तिथे मी तीनदा गेले. पहिल्यांदा औषधाची बाटली दिली, दुसऱ्यांदा दुसरी बाटली, तिसऱ्यांदा म्हणे मॅडम उन्हाळा आहे, मरणारच, नवीन घेऊन जा. कुंडीचा साधा फोटोसुद्धा कोणी बघितला नाही. वर बाबांसमोर तिथला मुलगा म्हणतो, आजोबांना टाइमपासच पाहिजे ना, मग प्लास्टिकची लावा. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते मी विसरणार नाही.

आणि तुम्ही, मी फक्त खताचा भाव विचारला तर ठेला खाली लावून दोन माळे चढून आलात. एका हाताने कुंडी उचलून बाबांच्या हातात दिलीत, पाहा किती हलकी आहे. आत नुसती काळी माती, ती वाळून आकसली होती, कडेने बोटभर फट पडली होती, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, आणि खालून गळतंय म्हणून आम्हाला वाटायचं भरपूर झालं! मग कुंडी बादलीत बुडवलीत तेव्हा जे बुडबुडे निघाले, बाबा ते थांबेपर्यंत टक लावून बघत होते. "मले वाटे रोपटं पाणी पेते," ते हळूच म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "वावरात मूळ खाली जाते बाबाजी, टांगत्या कुंडीले चारी बाजूनं हवा लागते, तिथं कोणाचंही असंच होते."

पण खरं सांगू, मला आठवतो तो दुपट्टा. जाता जाता तुम्ही डोक्याचा दुपट्टा सोडून ग्रिलपासून कपड्याच्या तारेपर्यंत बांधलात, सावलीची हिरवी नेट आणेपर्यंत राहू द्या म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोक्यावरचा दुपट्टा कोणी कोणाला देतं का? मी नको नको म्हणत होते, तर तुम्ही, "मले सवय हाय," आणि उघड्या डोक्याने ठेला ढकलत निघून गेलात. पैसे घेतले ते फक्त गांडूळखताच्या पिशवीचे. अशी माणसं आहेत म्हणून हे शहर उन्हाळा काढतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

मग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि गांडूळखत मिसळून सगळ्या कुंड्या नव्याने भरल्या. एवढ्या गरमीत टमाटर धरत नाही, फुलं गळतील, पावसापर्यंत झाड फक्त जगवा, असं तुम्ही बाबांना सांगितलं होतं. तसंच झालं, फुलं गळायची आणि बाबा शांत राहायचे, कारण आता त्यांना कारण माहीत होतं. पाऊस लागला, नवी फुलं आली, या वेळी टिकली. पोळ्याच्या दिवशी अकरा टमाटर निघाले, बोराएवढे, लालबुंद. बाबांनी ते मातीच्या बैलांपुढे ठेवले, आणि त्यातले पाच वाटीत वेगळे काढले. रोपवाल्याचे, म्हणाले.

ते पाच पिकून गेले काका, तुम्ही काही आला नाहीत. दुसरे वेलीवर आहेत. नेट कधीच आणली, तुमचा दुपट्टा धुऊन घडी करून ठेवलाय, उन्हाने थोडा विटलाय म्हणून शेजारी एक नवा पण आणून ठेवलाय. ठेल्याचा आवाज आला की बाबा गॅलरीत जाऊन बघतात. एकदा या.