थोटकांच्या मेणबत्त्या

डोंबिवली,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

परवा फोनवर सांगायला लागले तर तू मध्येच हसत सुटलीस, म्हणून आता पत्रच लिहिते. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

आईचा डालड्याचा डबा आठवतो? लोडशेडिंगच्या दिवसांत मेणबत्तीचं थोटूक उरलं की ती त्यात टाकायची. ‘राहू दे, कामाला येईल.’ कधी आलं नाही. माहेरचं घर आवरताना तो डबा माझ्या वाट्याला आला. त्यात यंदाच्या मेणाच्या पणत्या आणि नातीच्या केकवरच्या मेणबत्त्यांची भर पडली. वजन केलं तर पावणेदोन किलो!

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं तू म्हणालीसच. कबूल. पण टाकवेना गं.

वितळवणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा. बाजारच्या मेणबत्तीतलं पॅराफिन ६० अंशांच्या आसपास वितळतं, पाण्याला उकळी फुटायचीही गरज नाही. थेट गॅसवर मात्र ठेवायचं नाही. फार तापलं तर मेणाची वाफ पेट घेते, आणि घाबरून त्यावर पाणी ओतलं की भडकाच. मी हाताशी झाकण घेऊन उभी होते. जुन्या ओढणीतून गाळलं, तर वर काड्या, जळक्या वाती, दोन किडे आणि केकचं क्रीम. लाल, हिरवं, पिवळं मेण मी एकत्रच टाकलं होतं. रंग आला शेणकाल्याचा.

मग शहाणपणा सुचला आणि तो डबा गरम पाण्याने सिंकमध्ये विसळला. मेण पाइपाच्या पहिल्या वळणावर जाऊन गोठलं. प्लंबरने ५०० रुपये घेतले आणि वर ऐकवलं, ‘काकू, एवढ्यात मेणबत्त्या किती आल्या असत्या!’

पण खरी फजिती केली ती वातीने. मला वाटायचं, मेणबत्ती म्हणजे मेण. वात काय, कुठलीही चालते. आधी समईची वात घातली. तेलात निमूट जळणारी ती, पण इथे तिच्या टोकाला कोळशाचं बोंड आलं आणि भिंतीला काजळी. मग शिवणाचा दोरा घेतला. तो जरा मिणमिणला आणि स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडून विझला. शेवटी विकतच्या मेणबत्तीची वात नखाने उसवून पाहिली. वेणी होती, सुमे! सुती पेडांची बारीक, घट्ट वेणी. जळताना ती एका बाजूला कलते, टोक ज्योतीच्या कडेला येतं आणि तिथे त्याची राख होते. ही युक्ती १८२५च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी काजळलेलं टोक कापायला सारखी कात्री घेऊन उठावं लागायचं. मग मीही सुती दोऱ्याची तिपेडी वेणी घातली, कॉलेजला जाताना तुझी घालायचे तशी आवळून. वितळलेल्या मेणात बुडवली, बुडबुडे थांबल्यावर काढून वर्तमानपत्रावर सरळ ताणून ठेवली. गार झाल्यावर तारेसारखी ताठ!

साच्याला करवंट्या घेतल्या. खाली एकेक बांगडी ठेवली की डगमगत नाहीत. वात मधोमध राहावी म्हणून वर आडव्या दोन आइस्क्रीमच्या काड्या, त्यांच्या चिमटीत वात. सकाळी पाहते तर वातीभोवती ही एवढी विहीर! मेण गोठताना आक्रसतं. म्हणून थोडं मागे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तो खड्डा भरायचा. काचेच्या ग्लासात चिकटलेलं मेण हवं असेल तर ग्लास फ्रीजरमध्ये ठेव, सुटून येतं. मातीच्या पणतीला हा उपाय चालत नाही. माझ्या चार पणत्या त्यात गेल्या.

सोबत दोन पाठवते आहे. रंगाला नावं ठेवू नकोस. पहिल्यांदा लावशील तेव्हा वरचा थर कडेपर्यंत वितळू दे, मगच विझव. नाहीतर मध्येच खोल जळत जाते. आणि तळाशी बोटभर मेण उरलं की फुंकर घाल, करवंटी पेटते. भाऊजींना हे नीट सांग, ते पेपरात डोकं घालून बसतात.

करवंट्या मात्र परत दे. आमच्याकडे काही रोज नारळ फुटत नाही.

तुझी,
नंदी