शिडाच्या होडीवरचा संसार आणि त्याचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शिडाच्या नौकेवर राहून समुद्रप्रवास करणाऱ्यांविषयी जो सचित्र लेख आला, तो मी आणि माझ्या पत्नीने दोनदा वाचला. छायाचित्रे फार चांगली होती. परंतु लेखाच्या शेवटी चौकटीत 'किमान खर्च' म्हणून जो कोटींतला आकडा छापला आहे, तो चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या, नव्याकोऱ्या आणि बारा महिने मरिनात, म्हणजे भाडे भरून नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यात, बांधलेल्या नौकेचा आहे. त्याला कमाल म्हटले असते तर मी हे पत्र लिहिले नसते. आम्ही दोघांनी 2022 च्या एप्रिलपासून 2024 च्या जूनपर्यंत, म्हणजे सव्वीस महिने, इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एका जुन्या होडीत संसार केला, आणि त्याचा पै न् पैचा हिशेब पत्नीच्या वहीत आहे.

आमची होडी 'वेस्टर्ली सेंटॉर' जातीची होती. 1969 ते 1980 या काळात इंग्लंडमध्ये या जातीच्या दोन हजारांहून अधिक होड्या फायबरग्लासमध्ये तयार झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ अजून पाण्यात आहेत. लांबी सव्वीस फूट, रुंदी साडेआठ फुटांच्या आतबाहेर, वजन सुमारे तीन टन. आमच्या कारखान्यातला माझा विभाग बंद झाल्यावर जे पैसे हाती आले, त्यातून आम्ही ती साडेचार हजार पौंडांना घेतली. त्या वेळी आम्ही राहत असलेल्या दोन खोल्यांच्या घराचे चार महिन्यांचे भाडे जवळपास तेवढेच होत होते.

ही जात निवडण्याचे कारण तिच्या तळाशी आहे. साधारण शिडाच्या नौकेला मधोमध एकच खोल पठाण, म्हणजे तळाखाली उतरणारा जड कणा असतो, ज्याला आता सगळे कील म्हणतात. या होडीला दोन बाजूंना दोन आखूड कील आहेत, आणि ती जेमतेम तीन फूट पाण्यात तरंगते. ओहोटी लागली की ती गाळावर सरळ बसते. लहानपणी हर्णैच्या किनाऱ्यावर ओहोटीला मचवे कुशीवर कलंडलेले किंवा टेकू देऊन उभे केलेले पाहिले होते. त्यामुळे पहिल्या रात्री कॉर्नवॉलमधल्या एका खाडीत पाणी ओसरू लागले, तेव्हा मी टॉर्च घेऊन जागाच होतो. खालून चिखलाचा चुबुक चुबुक आवाज आला, होडी एकदा डुलली आणि टेबलावरच्या पेल्यातले पाणीही न सांडता स्थिर झाली. सकाळी भोवती अर्धा मैल नुसता गाळ आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी होते.

सगळ्या हिशेबाचे मूळ या गाळात आहे. जिथे पाणी चोवीस तास राहते, तिथल्या जागेला दर चढा असतो, आणि मरिनात तर तो नौकेच्या लांबीवर मोजतात. दिवसातून दोनदा कोरड्या पडणाऱ्या खाडीतली जागा मात्र कोणालाच फारशी नको असते. आम्हाला ती वर्षाला 480 पौंडांत मिळाली. शिवाय तळाला चिकटलेले शेवाळ खरवडण्यासाठी क्रेनने होडी उचलून घेण्याची गरज पडत नसे. घट्ट वाळूवर बसवून, पुढची भरती येईपर्यंतच्या चार-पाच तासांत, गमबूट घालून आम्ही दोघे ब्रशने तळ घासत असू. शेवाळ धरू नये म्हणून तळाला लावतात त्या विषारी रंगाचे काम मात्र रीतसर यार्डातच करावे. तो रंग खरवडून खाडीत सोडणे गुन्हा असो वा नसो, पाप नक्की आहे.

लांबीविषयी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. आकार तोच ठेवून नौकेची लांबी दुप्पट केली, तर वजन दुप्पट न होता जवळजवळ आठपट होते, आणि नांगर, साखळी, दोर, शीड, डोलकाठीच्या तारा, इंजिन हे सगळे त्या वजनाच्या मागोमाग जाते. आमच्या होडीचे मोठे शीड मी एकटा खांद्यावर टाकून बसने शिवणाऱ्याकडे नेऊ शकत होतो. चाळीस फुटीचे शीड न्यायला माणसे आणि गाडी लागते.

महिन्याचा सरासरी खर्च दोघांचा मिळून 730 पौंड आला. त्यात 270 किराणा-भाजीचे, 190 दुरुस्तीचे आणि 130 जागाभाड्याचे. डिझेल, गॅस, विमा, फोन, बसभाडे, कपडे धुण्याची यंत्रे आणि नगरपालिकेच्या तरणतलावावरच्या गरम पाण्याच्या अंघोळी हे सगळे उरलेल्या 140 मध्ये भागले. जागाभाड्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग दुसऱ्या हिवाळ्यात गेला, कारण स्कॉटलंडमधल्या ओबानच्या परिसरात डिसेंबरमध्ये जेमतेम सात तासांचा दिवस असतो, दोन सौर पट्ट्यांतून दिवा लावण्यापुरतीही वीज येईना, आणि आम्ही शहाणपणाने चार महिने धक्क्याला, विजेच्या खांबाशेजारी, होडी बांधली. त्याचे 1,300 पौंड मोजताना पत्नीने काही म्हटले नाही. पहिला हिवाळा ती विसरली नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात आम्हाला थंडीपेक्षा ओलीने छळले. दोन माणसांच्या श्वासाची आणि रटरटणाऱ्या भाताची वाफ रात्री छताला लागून थेंब थेंब गळते. गादीखाली लाकडी पट्ट्या घालून हवा खेळती ठेवली नाही, तर पंधरा दिवसांत गादीचा तळ काळा पडतो. कोकणातला आषाढ ज्याने काढला आहे, त्याला पोह्यांना बुरशी येणे नवे नाही, पण इथे तो आषाढ पाच महिने असतो. यावर आमचा सर्वांत स्वस्त उपाय होता तीन लिटरचा प्रेशर कुकर. झाकण घट्ट असल्यामुळे डुलत्या चुलीवरून तो पडला तरी आमटी सांडत नाही, गॅस कमी लागतो आणि वाफही कमी सुटते. शिट्टी होऊ लागली की शेजारच्या होडीवरचे म्हातारे गृहस्थ प्रारंभी घाबरून बाहेर येत. पुढे ते वाटी घेऊन येऊ लागले. गॅसच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळला तर होडीच्या तळात साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी बाहेर निचरा होणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवावा आणि नळी मुदतीत बदलावी.

काटकसर करू नये अशी दुसरी वस्तू म्हणजे नांगर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी नांगर टाकून फुकट राहता येते, आणि फुकट राहण्याची सगळी किंमत त्या एका लोखंडात आधीच भरलेली असते. साखळी किती सोडायची, हे टाकतानाच्या पाण्यावर ठरवून चालत नाही. भरतीची उंची धरून जे सर्वांत खोल पाणी होईल, त्याच्या निदान चौपट सोडावी लागते. हे मला पाठ होते, तरीही तिथल्या मल बेटाजवळच्या सामुद्रधुनीत एका रात्री आमचा नांगर मातीत रुतण्याऐवजी समुद्री गवताच्या जाड पट्ट्यात अडकला. वारा वाढताच तो गवताचा भारा उपटून घेऊन सरकू लागला. पहाटे तीन वाजता पावसात तो भारा सुरीने कापत मी जे काही बोललो, ते आपल्या दैनिकात छापता येणार नाही. दोष सर्वस्वी माझा होता, कारण संध्याकाळी नांगर पडल्यावर इंजिन मागे चालवून तो धरला आहे की नाही, हे मी कंटाळ्याने तपासले नव्हते.

आमच्या अनुभवात सर्वांत महाग बाब घाई हीच ठरली. आमच्या होडीचा वेग चार ते पाच नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), आणि दक्षिण इंग्लंडमधल्या पोर्टलंड बिलच्या टोकापाशी उधाणाच्या दिवसांत पाण्याचा प्रवाहच पाच नॉटहून अधिक धावतो. उलट्या पाण्यात डिझेल जाळूनही माणूस जागच्या जागी राहतो, तेच सहा तास थांबून पाणी फिरल्यावर निघाले तर प्रवाहच पुढे नेतो. आपल्याकडचे तांडेल ज्याला पाणी साधणे म्हणतात, तेच हे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, लँड्स एंडला, वळसा घालण्यासाठी आम्ही न्यूलिनला नऊ दिवस थांबलो. रेडिओवरचे हवामान फुकट मिळते, ते ऐकून थांबायलाही काही पडत नाही. परंतु ज्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचे असते, ते रविवारी निघतात आणि शीड फाडून घेतात.

लेखातल्या चौकटीत जे अडथळे अजिबात आले नाहीत, ते पैशांचे नव्हतेच. पहिला म्हणजे पत्ता. बँक, विमा, दवाखाना या सर्वांना राहत्या घराचा पत्ता लागतो, आणि बहुतेक मरिनांच्या करारात कायम वास्तव्याला मनाई असते. आम्ही एका आप्तांचा पत्ता देऊ शकलो म्हणून निभावले. दुसरा अडथळा पासपोर्ट. फ्रान्सचा किनारा एका रात्रीच्या अंतरावर असूनही भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, त्यातही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा. आयर्लंडचे दिवे दिसत असताना तिथे उतरायला वेगळा व्हिसा. म्हणून आम्ही मिलफर्ड हेवन, होलीहेड, आइल ऑफ मॅन असे मधल्या समुद्रातून वर गेलो, आणि पुढे 1801 साली खुल्या झालेल्या क्रिनन कालव्याच्या पंधरा लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांच्या हौदांतून, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागलो. त्यांतले बहुतेक दरवाजे हाताने, पाठ लावून ढकलावे लागतात. माझ्यापेक्षा पत्नीला ते लवकर जमले.

जुनी होडी घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. सेंटॉरच्या दोन कील जिथे तळाला बोल्टांनी जोडलेल्या असतात, तो भाग सुरुवातीच्या होड्यांत कमजोर होता. आमच्या विक्रेत्याने तो भाग मजबूत केल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात नुसता रंग दिला होता. ती दुरुस्ती 1,700 पौंडांना पडली आणि वर उल्लेखिलेल्या खर्चात ती धरलेली आहे. खरेदीपूर्वी काही शे पौंड देऊन स्वतंत्र सर्व्हेअर आणला असता, तर हे टळले असते.

आपल्याकडे शिडाची नौका म्हटले की एकतर गेटवेसमोरचे क्लबवाले डोळ्यांसमोर येतात, नाहीतर 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा. ती नौदलाची मोहीम होती आणि तिचे मोल वेगळेच आहे. परंतु या दोन टोकांच्या मध्ये जुनी, लहान, गाळावर बसणारी होडी घेऊन ऑक्टोबर ते मे या काळात दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांतून हिंडणारा साधा माणूस आपल्याला सुचतही नाही. खाड्या आहेत, भरती-ओहोटी आहे, पावसाळ्यापूर्वी मचवे वर ओढून झापांनी शाकारण्याची आणि नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा पाण्यात ढकलण्याची रीत आहे. बांधायला काही दगडी नांगर व साखळ्या, आणि होडी वर ओढायला एक उतार, एवढीच सोय त्याला लागेल. कोकणात मरिनांविषयी जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा या स्वस्त सोयीविषयीही कोणी बोलावे.

आम्ही होडी 2024 च्या जूनमध्ये 3,800 पौंडांना विकली. घेणारा तिथलाच एक तरुण सुतार आहे. पुरवणीच्या पुढील अंकात त्या चौकटीशेजारी सव्वीस फुटी जुन्या होडीचा हा हिशेबही छापावा, एवढी विनंती आहे. वहीची पाने हवी असल्यास पाठवतो.

आपला नम्र,
एक वाचक
दापोली, जि. रत्नागिरी