आजी घरी येण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

आजीला येत्या चार-पाच दिवसांत इथल्या दवाखान्यातून घरी सोडतील. न्यूमोनिया उतरला, पण खाटेवर पडून मांड्यांतला जोर गेलाय. या वयात तो भराभर जातो आणि सावकाश परत येतो. त्यात रक्तदाबाच्या गोळ्याही बदलल्यात. ताप गेला म्हणजे ती पूर्वीसारखी मागीलदारी ये-जा करेल, असं धरून चालू नकोस.

सगळं घर आवरत बसू नको. आधी खाट ते संडास एवढीच वाट बघ. म्हातारी माणसं पुष्कळदा याच वाटेवर पडतात, रात्री घाईत. आपला संडास बाहेर, आणि मधल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ. रात्री तिकडे जायचंच नाही. खाटेशेजारी लोखंडी कमोड-खुर्ची ठेव, मागचे पाय भिंतीला टेकवून. प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून दिलेली नको. एका हातावर भार आला की ती कलंडते. पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून पंधरा मिनिटांनी खराट्याने घास. तिच्यात ॲसिड मात्र कधीही मिसळू नको, विषारी वायू होतो.

खाटेवर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात यायला हवेत. आजीला गादीसकट 16-17 इंच पुरेत.

न्हाणीत धरायला दांडा लागेल. टॉवेलचा दांडा माणसाचा भार घेत नाही. चिऱ्याच्या भिंतीत स्क्रूचा साधा प्लग काही दिवसांत ढिला होतो, कारण चिऱ्याचा जांभा दगड सच्छिद्र. गवंड्याला आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावायला सांग. दांडा दीड इंचाच्या आत जाड, जमिनीपासून साधारण 34 इंचांवर. बसवून झाल्यावर स्वतः लोंबकळून बघ.

उंबऱ्याला वॉकर अडतो. 2 इंच उंबऱ्याला 24 इंच लांब उतरती फळी कर, दोन्ही बाजूंनी. गोणपाट, सतरंजी, सैल पायपुसणी उचलून टाक. लाईट गेली की आपोआप पेटणारा चार्जिंगचा बल्ब खाटेजवळ लाव. घरात मागे पट्टा असलेल्या चपला, बाहेरच्या गुळगुळीत रबरी नकोत.

उठताना ती आधी खाटेच्या कडेवर दोन मिनिटं बसेल, पावलं हलवेल, मगच उभी राहील. झोपलेली असताना रक्तदाब घे, मग उभी राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, किंवा भोवळ आली, तर डॉक्टरांना कळव. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. लघवीची गोळी सकाळीच द्यायची का, ते मी इथे विचारून घेते.

ती हाक मारणार नाही, हे लक्षात ठेव. तुला झोपेतून उठवायचा तिला संकोच वाटतो. म्हणून झोपण्याआधी आणि पहाटे तूच विचार.

पडलीच तर लगेच काखेत हात घालून उचलू नको. जांघेत कळ येत असेल किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर हलवू नको. 108 ला फोन कर. डोकं आपटलं असेल तर बरी दिसली तरी दवाखान्यात ने, कारण तिला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

वॉकर इथूनच आणते. हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाशी येईल, अशी उंची लावून घेईन. खालचे रबर झिजतात, तिथे मिळत असतील तर चार जास्तीचे घेऊन ठेव.

तुझी,
आई